कार्डाची पिग्मी : नवं कर्ज न काढता क्रेडिट कार्डाचं देणं फेडताना

मी बेळगावात बारा वर्षं पिग्मी गोळा केली, म्हणजे दारोदार फिरून लोकांची रोजची बचत जमा केली. सकाळी गणपत गल्लीतून सुरुवात, मग खडेबाजार, दुपारनंतर शहापूर आणि दिवेलागणीला वडगाव, तिथं विणकरांच्या घरी मागाचा खटखटाट चालू असायचा. टपरीवाला ५० रुपये द्यायचा, कापडवाला ५००. वर्षअखेरीला पासबुकातला आकडा बघून जास्त चकित व्हायचा तो टपरीवालाच. ते काम आता सोडलं. पण जुने खातेदार रस्त्यात भेटतात, आणि हल्ली बोलणं फिरून फिरून क्रेडिट कार्डावर येतं. "मिनिमम भरूलालोय की दर महिन्याला, तरी कमी होईना झालंय," असं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरनं मला चहाच्या गाड्यावर ऐकवलं. देणं ८० हजार. दोन वर्षं इमानेइतबारे भरत होता, एकही तारीख चुकवलेली नव्हती. मधूनमधून कार्ड घासतही होता, हे त्यानं दुसऱ्या चहाला सांगितलं.

बिलावर जेवढं भरा म्हणून छापलेलं असतं तेवढं तो भरत होता. म्हणून तर त्याला समजावणं अवघड गेलं. त्या दिवशी बिलाच्या पाठीवर मी जो हिशेब मांडला, तोच इथं मांडतो.

साडेतीन टक्के म्हणजे किती?

कार्डावरचं व्याज महिन्याच्या दरानं सांगतात. बहुतेक बँकांचा दर महिन्याला ३ ते ३.७५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. आपल्याकडे माणसाला सोसायटीच्या, म्हणजे पतसंस्थेच्या, कर्जाची सवय. तिथले १२-१३ टक्के ऐकलेल्या कानाला साडेतीन म्हणजे काहीच वाटत नाही. पण सोसायटीचे बारा वर्षाचे आणि कार्डाचे साडेतीन महिन्याचे. वर्षाचे झाले ४२. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याचा खरा भार ४.१३ टक्के.

हे व्याज मोजलं जातं मात्र दिवसावर. ८० हजारांवर वर्षाला ४२ टक्के म्हणजे दिवसाला ९२ रुपये, जीएसटी धरून १०८. मी पिग्मीला जायचो तेव्हा रविवार सुटायचा, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला अर्धी गल्ली रिकामी असायची, गणपतीत तर कुणी दारात उभं करायचं नाही. कार्डाच्या एजंटाला यातली एकही सुट्टी नाही. तो रोज १०८ रुपये नेतो आणि पासबुकात आपल्या नावावर काही जमा होत नाही.

"एवढं व्याज घेता येतं का पण?" असं टर्नरनं विचारलं. येतं. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं गैर ठरवलं होतं. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे कायदा दर खाली आणेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

मिनिमम कुणासाठी?

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देणं आणि किमान देणं. किमान म्हणजे साधारण एकूण बाकीच्या ५ टक्के. काही बँका त्यात जीएसटी, दंड, चालू ईएमआय पूर्ण धरतात, काही सगळं मिळून ५ टक्के काढतात. आपण दुसरी पद्धत धरू.

८०,००० बाकी. महिन्याचं व्याज २,८००, त्यावर जीएसटी ५०४. झाले ८३,३०४. त्याचे ५ टक्के ४,१६५. तुम्ही ते भरले, उरले ७९,१३९. खिशातून सव्वाचार हजारांच्या आसपास गेले आणि देणं कमी झालं ८६१ रुपयांनी.

इथवर ऐकून लोक मान हलवतात, खरी मेख मात्र पुढच्या महिन्यात आहे. बाकी थोडी उतरली की मिनिममही उतरतं. पुढच्या वेळी ४,१२० मागतात, मग ४,०७६. आपल्याला बरं वाटतं, ओझं हलकं होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात फेडीचा वेगच हलका होत असतो. या चालीनं ८० हजारांचे ४० हजार व्हायला ६४ महिने लागतात, पाच वर्षांच्या वर. अर्धंच, पूर्ण नव्हे. जीएसटी वेगळा वसूल करणाऱ्या बँकेत थोडं लवकर, तरी साडेतीन वर्षांच्या आसपास. आणि हे सगळं मधे कार्ड एकदाही न घासता.

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार, नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, अशी सूचना बिलावर छापावी लागते. ती छापलेली असतेच. पण बिल इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं आणि लक्ष सगळं मोठ्या ठशातल्या तारखेवर.

आता त्याच टर्नरनं एकच गोष्ट बदलली असती तर? पहिल्या महिन्यात मागितलेले ४,१६५ त्यानं धरून ठेवायचे. बँक पुढं ४,१२० मागो, ३,५०० मागो, हा ४,१६५ च भरणार. तर अख्खं देणं ३९ महिन्यांत संपतं. उतरतं मिनिमम भरणाऱ्याच्या डोक्यावर त्याच ३९ व्या महिन्याला अजून ५२ हजारांच्या वर बाकी असते. सुरुवातीचा हप्ता दोघांचा सारखाच. हा तक्ता मी तीन वेळा मांडून बघितला, कारण माझाही विश्वास बसत नव्हता.

हप्ता थोडा वाढवता आला तर चित्र झपाट्यानं पालटतं. महिन्याला ६,००० भरले तर जवळपास २० महिने लागतात आणि व्याजापोटी ३८-३९ हजार जातात. ८,००० भरले तर १३ महिन्यांच्या थोडं पुढं काम होतं आणि व्याज २५ हजारांच्या घरात येतं. दोन हजारांचा फरक. आपल्या भागात हा आकडा ओळखीचा आहे, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे घरच्या बाईला महिन्याला येतात तेवढेच. ते पैसे घरच्या बाईचे आहेत, तेव्हा तिला विचारल्याशिवाय त्यावर हिशेब मांडू नका. पण तिलाच हा तक्ता दाखवा. माझा अनुभव असा की घरात व्याजाचा आकडा बाईला कळला की नवऱ्याचं कार्ड त्याच संध्याकाळी कपाटात जातं.

आधी नळ बंद

कार्डाची पन्नासेक दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदत ज्याचं मागचं बिल पूर्ण भरलंय त्यालाच मिळते. बाकी ठेवली की ती मुदत जाते. मग आज घेतलेल्या तीन हजारांच्या मिक्सरवर आजपासून व्याज सुरू. बरेच लोक म्हणतात, जुनं फेडतोय आणि नवं वेळेवर भरेन. बँकेच्या वहीत जुनं-नवं असं काही नसतं. कार्डावरून एटीएममधून रोख काढली असेल तर त्याला ही मुदत मुळातच नसते, वर काढण्याचं वेगळं शुल्क.

म्हणून फेड चालू असेपर्यंत कार्ड वापरायचं नाही, पेट्रोललासुद्धा नाही. कार्ड माळ्यावर टाकणं सोपं, पण आता ते खिशात नसलं तरी फोनमध्ये असतं. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं असतं ते काढा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, नाहीतर भाजीवालीच्या क्यूआरवर वीस रुपयांची कोथिंबीरसुद्धा ४२ टक्क्यांनी येते. ओटीटी, विमा, फोनचं बिल असं दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं काही कार्डावर असेल तर ते बचत खात्यावर फिरवून घ्या. आणि एक बारीक गोष्ट : बिल आपोआप भरण्याची सोय तुम्ही 'मिनिमम' वर लावून ठेवलेली असू शकते. अर्ज भरताना कुणीतरी खूण केलेली असते आणि आपल्याला आठवत नाही. ती बघा.

मग पिग्मी

पिग्मी ही आपल्याच राज्यातली कल्पना. १९२५ साली उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ती आणली. दारात माणूस पाठवून रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचे. त्यामागची समज साधी होती. रोज कमावणाऱ्याच्या हातात महिन्याचे हजार कधी साठत नाहीत, आजचे पन्नास मात्र असतात.

कार्डालाही तेच लावा. बिलाच्या शेवटच्या तारखेची वाट बघायची गरज नाही. कार्डाच्या खात्यावर केव्हाही, कितीही वेळा पैसे भरता येतात. बाकीवर रोज व्याज चढत असेल तर ५,००० रुपये २० दिवस आधी भरल्यानं साधारण १३५ रुपये वाचतात. फार नाहीत, हे कबूल. खरा फायदा दुसराच आहे : शनिवारी हातात आलेला पगार शनिवारीच कार्डावर गेला की तो रविवारच्या मटणात आणि सोमवारच्या उसनवारीत विरघळत नाही. टर्नरला पगार आठवड्यानं मिळायचा, म्हणून त्यानं दर शनिवारी १,५०० असं ठरवलं. मी मांडून दिलं, साधारण ७५ शनिवार. "म्हणजे दीड वर्षाच्या आतच की!" महिन्यांच्या भाषेत त्याला धीर आला नव्हता तो शनिवारांच्या भाषेत आला.

यात एक खड्डा आहे. प्रत्येक बिलाच्या दोन तारखा असतात, बिल तयार होण्याची आणि पैसे भरण्याची शेवटची. बिल तयार होण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पाच हजार भरले तरी दुसऱ्या दिवशीच्या बिलात नवं मिनिमम येतंच, आणि ते या दोन तारखांच्या मधेच भरावं लागतं. "परवाच तर भरले" हे तिथं चालत नाही. तेव्हा आठवड्याचे भरणे असे लावा की या दोन तारखांच्या मधल्या भरण्यांची बेरीज मिनिममपेक्षा जास्त होईल. भरायला यूपीआय किंवा बँकेचं स्वतःचं ॲप वापरा, कारण काही ॲप सोयीच्या नावाखाली शुल्क लावतात.

आता एक सल्ला, जो देताना माझा जीव खालीवर होतो. तुमची पिग्मी चालू असेल आणि कार्डावर बाकी असेल, तर पिग्मी थांबवा आणि ते पैसे कार्डावर वळवा. पिग्मीवर मिळणारं व्याज कार्डाच्या व्याजापुढं कुठंच नाही. साठलेली पिग्मी मोडली तर मुदतीआधीची थोडी कपात होते, तीही परवडते. फक्त सगळी मोडू नका. दहा-पंधरा हजार दवाखान्यासाठी बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच तापाला कार्ड परत बाहेर येतं. भिशीचंही तसंच. नंबर लागला की ती रक्कम थेट कार्डावर. पण फक्त कार्ड फेडण्यासाठी बोलीच्या भिशीत मोठी सूट देऊन आधी उचल घेणार असाल, तर किती पैसे सोडावे लागतात ते आधी कागदावर मांडा.

दोन-तीन कार्डं असली तर सगळ्यांवर मिनिमम आणि उरलेलं सगळं एकाच कार्डावर. कुठल्या? गणित म्हणतं जास्त दराच्या. पण आपल्याकडे कार्डांच्या दरात फरक थोडा असतो, त्यामुळे सगळ्यात लहान बाकीचं कार्ड आधी संपवलं तरी फार नुकसान होत नाही, आणि एक कार्ड मिटलं की माणसाला जोर येतो. मी लहान बाकीवाल्यांच्या बाजूचा. मात्र एका कार्डावर रोख काढलेली असेल तर ते आधी.

सोसायटीचं कर्ज काढून का नको?

एकच मोठं कर्ज काढून सगळी कार्डं मिटवायची, असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. व्याजाच्या गणितात ते चूक नाही. पर्सनल लोनचा दर बहुतेक वेळा कार्डाच्या निम्म्याहून कमी असतो. पगार पक्का आहे, सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक) चांगला आहे आणि कार्ड खरंच बंद करणार आहात, तर बँकेत जाऊन विचारायला हरकत नाही.

पण ज्यांना ही अडचण असते त्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच असतात. बँक नाही म्हणते, मग पाय सोसायटीकडे वळतात, आणि सोसायटीला दोन जामीन लागतात. कार्डाचं देणं तुमचं आणि बँकेचं होतं. आता त्यात चुलतभाऊ आणि शेजारी आले. हप्ता थकला की नोटीस त्यांच्या दारात. खानापूर तालुक्यात एका जामिनापायी दोन घरांचं येणंजाणं बंद झालेलं मी बघितलंय. आणि कार्ड? ते मिटलं म्हणजे लिमिट पुन्हा पूर्ण मोकळं झालं. सहा महिन्यांत सोसायटीचा हप्ताही आणि कार्डाची बाकीही, अशी माणसं मला बोटांवर मोजता येणार नाहीत इतकी ठाऊक आहेत.

बँकेला फोन

हे काम लोक टाळतात. ग्राहक सेवेवर कन्नड, हिंदी, इंग्रजी मिळतं, मराठी मिळेलच असं नाही, आणि आपल्या माणसाला समोरच्याच्या भाषेत पैशाचं बोलायला संकोच वाटतो. तरी करा. विचारायच्या गोष्टी थोड्याच. बाकी कमी दराच्या ईएमआयमध्ये बदलून मिळेल का, प्रोसेसिंग शुल्क किती, लवकर फेडलं तर दंड किती. हे त्याच कार्डावरच्या बाकीचे हप्ते पाडणं, यात जामीन लागत नाही. वार्षिक शुल्क आणि एखाद्या वेळचा उशिराचा दंड मागितल्यावर परत मिळू शकतो, न मागितल्यावर मिळत नाही. उशिराच्या दंडाबाबत नियम असा की तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच तो लावता येतो.

'सेटलमेंट'चा फोन उलट बँकेकडूनच येतो : एवढे भरा, बाकी सोडतो. भरायला खरंच काहीच नसेल तर तो शेवटचा मार्ग. पण त्यानंतर सिबिलमध्ये खातं 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढं घराचं कर्ज मागायला गेलात की तो शब्द आडवा येतो. तोंडी बोलण्यावर एक रुपया भरू नका, पत्र मागा.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, धमकी, यातलं काहीही झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म कर्जांच्या जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, तेव्हापासून गावोगाव "आता कर्ज भरायला नको" अशी कुजबुज आहे. बँकेच्या कार्डाचं देणं त्यात बसत नाही. त्या भरवशावर थांबलात तर रोजचे १०८ चालूच.

टर्नरनं शेवटचा मोठा भरणा केला आणि पेढे घेऊन आला. पुढच्या महिन्यात तोच बिल घेऊन परत आला, चेहरा पडलेला. सगळं भरूनही तीनशे-काही रुपये व्याज. हे होतं. मागचं बिल तयार झाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते भरलं की पाटी कोरी, पण न बघता सोडलं तर त्या तीनशेवर दंड चढतो. त्यानं तिथंच चहाच्या गाड्यावर फोनवरून ते भरले. मग कार्ड बंद करण्याची विनंती मेलनं पाठवली, कारण बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. सहाव्या दिवशी मेसेज आला. "आणखी दोन दिवस लावले असते तर बरं झालं असतं की," म्हणाला.